झाकण ठेवून निघून जायचं

गेल्या शनिवारी मी घरी कॉडल केलं आणि ते चांगलं झालं, याचा मला राग आला.

कॉडल म्हणजे डब्लिनकडचं सॉसेज-बटाट्याचं कालवण. जाड बुडाच्या भांड्यात तळाला बेकनच्या पट्ट्या, त्यावर कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर डुकराच्या मांसाची सॉसेजेस आणि सगळ्यात वर बटाटे, एकेकाचे दोनच तुकडे केलेले. मिरपूड, मूठभर पार्सली, आणि बटाटे जेमतेम बुडतील इतका स्टॉक. झाकण. सगळ्यात मंद आच. तीन तास. तळायचं नाही, परतायचं नाही, ढवळायचं तर मुळीच नाही. मी इंटरनेटवर आठ पाककृती वाचल्या. सातांमध्ये पहिलीच ओळ होती, ‘सॉसेज खरपूस तळून घ्या.’ त्या सातही जणांना फोन करून झापावंसं मला वाटलं.

“मॉम, इट लुक्स रॉ,” माझी मुलगी ताटलीकडे बघत म्हणाली.

“शिजलंय.”

“इट्स ग्रे.”

“ते ग्रेच असतं. खा.”

तिने दोन वेळा घेतलं. नवराही ताटली पुसून खाऊन उठला. मी मात्र भांडं घासताना इतकी आदळआपट केली की दोघं हळूच बेसमेंटमध्ये टीव्ही लावून बसले.

हे ज्याच्याकडून आलं तो आमचा इथला, कॅनडातल्या हॅमिल्टनमधला पहिला घरमालक. शिकवलं म्हणणं चूक. तो शिकवायचा नाही. तो करायचा, आणि आपण मध्ये आलो तर हाकलून द्यायचा. स्टीलच्या कारखान्यात जन्मभर क्रेन चालवलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, उंच, वाकलेला आयरिश म्हातारा. खाली तो, वर आम्ही तिघं. सहा वर्षं त्याच्या घरात काढली, आणि मग दहा मिनिटांवर स्वतःचं घर घेतलं तरी दर शनिवारी मी त्याची ग्रोसरी घेऊन जात राहिले. आता तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला आहे, त्याच्या मुलीच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात. तिथे खोलीत साधी केटल ठेवू देत नाहीत. मी त्याच्यासाठी केवढी भांडले हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चमध्ये बायका अजून मला सांगतात, तुझ्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवते आणि विषय बदलते.

त्याच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. गेलेल्या माणसांना लोक उगाच गोड करून टाकतात, आणि हा तर गेलेलाही नाही.

घरातलं हीटिंग तो सतराच्या वर जाऊ द्यायचा नाही. मी वसईची. सतरा अंश ही आमच्याकडे थंडी नसते, बातमी असते. तक्रार केली तर म्हणायचा, “स्वेटर घाल, मिसेस.” तो स्वतः घरात लोकरीचा लांब कोट आणि टोपी घालून वावरायचा, आणि बाहेर फावड्याने बर्फ काढायला जाताना मात्र कोट काढून खुंटीला लावायचा. काम केलं की ऊब येते, मग कोट कशाला, हा त्याचा हिशेब. शेजारी नवीन आले की त्यांना वाटायचं, या माणसाला कोणीतरी घराबाहेर काढलंय.

आमच्याशी बोलायला तो जिना चढायचा नाही. हीटिंगच्या पाइपवर चमचा आपटायचा. एक ठोका म्हणजे खाली ये. दोन म्हणजे पाणी बंद करा, मला आंघोळ करायची आहे. तीन ठोके सहा वर्षांत एकदाच ऐकले, ते का हे खाली जाऊन विचारलं तर म्हणाला, “चमचा हातात होता.”

आणि माझ्या याद्यांची त्याला चीड होती. मी एका इस्पितळात ऑपरेशनला लागणाऱ्या सामानाचं बघते. यादी चुकली तर तिथे टेबलावर माणूस उघडा पडलेला असतो आणि हातात चिमटा नसतो. तेव्हा हो, मी याद्या करते. आमच्या फ्रिजवर विंटर टायरपासून मुलीच्या दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळं लिहिलेलं असायचं. एकदा नळ दुरुस्त करायला वर आला, फ्रिजसमोर उभा राहिला आणि मोठ्याने सगळं वाचून काढलं. मग म्हणाला, “लक्षात ठेवण्यासारखं असतं ते लिहावं लागत नाही. आणि लिहावं लागतं ते विसरलं तरी चालतं.”

“मग गेल्या महिन्यात कचऱ्याचा दिवस कोण विसरलं?” मी विचारलं.

“कचराच तो,” म्हातारा म्हणाला.

पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा एक ठोका पडला. मी उतरू शकले नाही. पुन्हा एक, पुन्हा एक. शेवटी जिन्यावर त्याची पावलं वाजली, आणि दारात तो लोखंडी भांडं ठेवून निघून गेला. नवऱ्याने झाकण उघडलं. पांढुरक्या पाण्यात पांढुरकी सॉसेजेस तरंगत होती. “बोटं आहेत का ही?” नवरा म्हणाला. आम्ही कॅथलिक, डुकराचं मांस आम्हाला नवीन नाही. पण आमच्याकडे इंद्याल, म्हणजे हेच मांस मसाल्यात शिजवलेलं, लालभडक असतो. न भाजलेलं, न परतलेलं मांस आजाऱ्यालाही देत नाहीत. मी त्यातली सॉसेजेस काढली, कांद्यावर खरपूस परतली, आईने वसईहून पाठवलेला आमचा तिखट बॉटल मसाला दोन चमचे घातला, बटाटे त्यात घोळवले, आणि दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर अर्धं त्याला खाली नेऊन दिलं. मला वाटलं होतं, म्हातारा आता जन्मभर आठवण काढील.

त्याने समोर बसून सगळं संपवलं. कपाळाला घाम आला होता. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाला, “चांगलं आहे. पण तू काय केलंस ते तुला कळलंय का? हा हळू बोलणारा पदार्थ आहे. तू त्याच्या हातात भोंगा दिलास.”

पुढचे पंधरा दिवस ठोका नाही. मग एका शनिवारी एक ठोका पडला. मी खाली गेले तर त्याने स्टोव्हजवळची खुर्ची पायाने सरकवली, म्हणजे बस आणि बघ. मी बघितलं. त्याने सगळं थरांत लावलं, झाकण ठेवलं, स्टोव्हचं बटण सगळ्यात कमीवर फिरवलं आणि कोट काढून तो बाहेर निघाला.

“अहो, गॅस... स्टोव्ह चालू आहे.”

“असू दे.”

“कोणीतरी लक्ष द्यायला नको?”

तेव्हा त्याने मला सांगितलं. त्याच्या आईचा नवरा, म्हणजे याचा बाप, बंदरात कामाला. कधी सहाला यायचा, कधी अकराला, कधी पिऊन, कधी येतच नसे. त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांची तीच गत. म्हणून त्यांनी असं जेवण धरलं जे चढवून विसरता येतं. तासभर जास्त झाला तरी बिघडत नाही, आणि नवरा आला की गरम. “कॉडलजवळ उभं राहायचं नसतं,” तो म्हणाला. “झाकण ठेवून निघून जायचं. उभी राहिलीस म्हणजे तुझा त्याच्यावर विश्वास नाही.”

मला हे अजिबात पटलं नाही. पण तीन तासांनी त्याने बर्फातून परत येऊन झाकण उघडलं तेव्हा बटाटे सॉसेजच्या रसाने जड झाले होते, आणि मी दोन ताटल्या खाल्ल्या. त्याने चांगलं झालंय का म्हणून विचारलंही नाही.

पुढची गोष्ट त्याच्या मुलीपासून सुरू होते. ती बर्नाबीला एका युनिव्हर्सिटीत काम करते. थँक्सगिव्हिंगला आली होती तेव्हा तिला कचऱ्याच्या डब्यात तळ जळलेली केटल सापडली. मग दुसरी सापडली, गराजमध्ये. तिने मला फोन केला. “यू आर देअर एनीवे,” ती म्हणाली, “तपासणीच्या दिवशी जरा थांबशील का?” होम केअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांना घरी मदत पुरवणाऱ्या ऑफिसातून थेरपिस्ट येणार होती. म्हातारा एकटा राहू शकतो का हे बघायचं, तर ती त्याला स्वयंपाकघरात काहीतरी गरम करायला लावणार. ते नीट झालं तर तो घरात राहील, मदतीला बाई येईल. नाही झालं तर स्टोव्हची तार काढून टाकतील, आणि मग मुलगी त्याला घेऊन जाईल. इतकं सरळ होतं.

मी त्याला सांगितलं, “अंडं उकडा. टोस्ट करा. चहा करा. दहा मिनिटांत सुटाल.”

“मी पाहुण्यांना टोस्ट देत नाही.”

“ती पाहुणी नाही, परीक्षक आहे.”

“मग तिला नीट जेवू घालायलाच हवं.”

मी त्याला एक चिठ्ठी लिहून दिली, पाच ओळींची, मोठ्या अक्षरात. ती त्याने वाचलीसुद्धा नाही. त्या दिवशी त्याने कॉडल चढवलं, झाकण ठेवलं, कोट काढला आणि तो सवयीने बाहेर बर्फ काढायला गेला. थेरपिस्ट, पस्तिशीची, शांत आवाजाची, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. तिच्याकडे एक तास होता. तो बाहेर जाण्यापूर्वी तिने त्याला विचारलं होतं, “हे किती वेळ शिजवायचं?” तो म्हणाला होता, “होईपर्यंत.” तास संपला तेव्हा भांड्यातले बटाटे कच्चे होते आणि म्हातारा रस्त्याच्या पलीकडे कोणाशी तरी भांडत होता.

अहवाल आला. स्टोव्ह चालू ठेवून घराबाहेर गेले. मांस न भाजता पाण्यात टाकले. वेळ सांगता आली नाही. जेवण पूर्ण झाले नाही. एकट्याने स्वयंपाक करणे असुरक्षित.

तो कागद वाचून मला जो संताप आला तसा त्याआधी कधी आला नव्हता. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि संपूर्ण कागद खोटा होता. मी रजा काढली. ऑफिसला चौदा मुद्द्यांचं पत्र लिहिलं: हा पदार्थ असाच करतात, त्याला इतका वेळ लागतो, तो सोडून जाणं हीच त्याची रीत आहे, आणि तुम्ही तीन तासांच्या जेवणाला एक तास देऊन माणसाचं घर काढून घेताय. थेरपिस्टच्या कामावर मी जे लिहिलं ते आता वाचवत नाही. फोन केले, वरिष्ठांशी बोलले, पुन्हा फोन केले. त्याची मुलगी चिडली. “तू आमची कोण लागतेस?” ती म्हणाली. मी म्हटलं, “कोणी नाही. म्हणूनच करतेय. लागत असते तर मीही बर्नाबीला राहिले असते.” फोन ठेवल्यावर, खरं सांगते, बरं वाटलं होतं.

आणि या सगळ्या धावपळीत एक यादी मी केली नाही. ती केली असती तर त्यात हे आलं असतं: एका शनिवारी दूध ओव्हनमध्ये होतं. एकदा त्याने मला त्याच्या बायकोच्या नावाने हाक मारली आणि नंतर काही झालंच नाही असं दाखवलं. बटाटे पाच पौंडांच्या चार पिशव्या, कारण घेतलेलं आठवत नव्हतं. एका संध्याकाळी पाइपवरचा चमचा थांबेना, असं आमच्या जागी वर आलेल्या नवीन भाडेकरूने मला सांगितलं होतं. हे सगळं मी पाहिलं, ऐकलं. जिच्या फ्रिजवर टायरचं प्रेशर लिहिलेलं असतं, तिने हे कुठेच लिहिलं नाही. मला जिंकायचं होतं.

जिंकले. ऑफिसने मान्य केलं: पुन्हा तपासणी, पूर्ण वेळ देऊन. आली ती तीच थेरपिस्ट. माझं पत्र तिने वाचलेलं असणार, पण नमस्कार-चमत्कार अगदी नीट केले. मला म्हणाली, “तुम्ही बसा. पण मदत करायची नाही, सांगायचं नाही. मला सूचना द्यावी लागली तर मी ती मोजते.”

म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. बेकन, कांदे, सॉसेजेस, बटाटे. हात न थरथरता सगळे थर लागले. मी मनातल्या मनात एकेका गोष्टीपुढे खूण करत होते. स्टॉक, मिरपूड, पार्सली. झाकण. त्याने बटणाजवळ हात नेला, मग तिथलं फडकं उचललं, हात पुसले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. या वेळी बाहेर गेला नाही. म्हणजे माझं तेवढं त्याने ऐकलं होतं.

स्टोव्ह चालू असला की त्याच्या पट्टीवर एक लाल दिवा लागतो. तो लागलेला नव्हता.

थेरपिस्ट टाइप करत होती. तिला बहुतेक अजून दिसलं नव्हतं. मी पाण्याचा ग्लास घ्यायला उठले. नियम मला ठाऊक होता, आणि मी नियम मोडणारी बाई नाही. मी सिंककडे जाताना हात मागे नेला आणि बोटं बटणावर ठेवली.

“हात काढ.”

त्याचा आवाज कारखान्यात क्रेनवरून ओरडणाऱ्याचा होता. थेरपिस्टने वर पाहिलं. माझी बोटं बटणावरच होती.

“माझ्या भांड्याला हात लावायचा नाही, मिसेस. किती वेळा सांगितलंय.”

मी हात काढला. बटण फिरलं नव्हतं. मी ग्लास न भरताच जागेवर येऊन बसले.

वीस मिनिटं गेली. थेरपिस्टने विचारलं, “सगळं ठीक चाललंय ना?” तो म्हणाला, “याला घाई चालत नाही.” तिने काहीतरी टिपलं. अर्ध्या तासाने म्हणाली, “एकदा स्टोव्हकडे बघता का?” तो बसल्या जागेवरून बघून म्हणाला, “बघितलं.” तिने पुन्हा टिपलं. आणखी थोड्या वेळाने ती म्हणाली, “भांडं गरम आहे का ते बघा ना, प्लीज.”

तो उठला. झाकणावर तळवा ठेवला. तसाच बराच वेळ उभा राहिला. मग त्याने बटणाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

“हिने बंद केलं,” तो म्हणाला.

थेरपिस्टने टाइप करणं थांबवलं.

“तू पाहिलंस ना?” तो थेरपिस्टला म्हणाला. “हिचा हात होता. दर शनिवारी येते आणि घरात हात घालते. फडताळं लावते, चिठ्ठ्या चिकटवते. हिला वाटतं मला काही समजत नाही. हिलाच मी इथून गेलेला हवाय.”

थेरपिस्टने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही बंद केलंत का?”

तीन महिने. चौदा मुद्दे. रजा, फोन, त्याच्या मुलीची बोलणी. कित्येक वर्षं दर शनिवारी त्याच्या दारात पिशव्या घेऊन उभी राहिले ते. सगळं एकदम उसळून आलं.

“मी काही बंद केलेलं नाही,” मी म्हटलं. “त्यांनी ते चालूच केलं नव्हतं. मी चालू करायला गेले होते.”

म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने बटण फिरवलं. लाल दिवा लागला. “आता साडेचारला होईल,” तो कोणाकडेही न बघता म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

थेरपिस्टने लॅपटॉप मिटला. मी तिला सोडायला दारापर्यंत गेले. ती बाकावर बसून बूट चढवत होती. एक बूट झाला, दुसरा हातात धरून ती थांबली.

“तुमचा हात बटणावर होता, ते मी पाहिलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “जुना स्टोव्ह आहे. चुकून फिरतं कधीकधी. तसं झालं असेल तर मी तसं लिहू शकते. मग आजचं धरता येणार नाही, मला पुन्हा यावं लागेल, इतकंच. महिनाभर तरी जाईल.”

याच बाईबद्दल मी ऑफिसला लिहिलं होतं की हिला माणसं वाचता येत नाहीत.

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, “तिला सांग, माझ्या घराची किल्ली ठेवून जायची.”

“त्यांनी ते चालूच केलं नव्हतं, तुमची खात्री आहे?” थेरपिस्टने विचारलं.

आता मी स्वतःला सांगते की खरं बोलले ते योग्यच झालं. पुढच्या वेळी स्टोव्ह बंद राहिला नसता, रात्रभर चालू राहिला असता, वर भाडेकरूचं लहान मूल होतं. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. मनात एकच होतं, की याने माझ्यावर आळ घेतला.

“पूर्ण खात्री आहे,” मी म्हटलं, आणि किल्ली काढून बाकावर ठेवली.